वार रुतलेली असताना सिझेरियन: पूर्ण भूल नेमकी केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३४ आठवड्यांची गरोदर बाई, आधीची दोन सिझेरियन. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर आणि जुन्या व्रणावर पसरलेली, सोनोग्राफी आणि एमआरआय दोन्हींत ती स्नायूत रुतल्याची दाट शंका. बाळ काढून लगेच पिशवीही (गर्भाशय) काढायची, हे जवळपास ठरलेलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, सुरुवातीपासून पूर्ण भूल द्या. विभागातले वरिष्ठ म्हणतात, पाठीतून द्या, बाळाला बरं. बाईला स्वतःला जागं राहून बाळ बघायचं आहे. रक्तपेढी आवारातच आहे, पण रक्तस्राव रोखायला ओटीपोटाच्या रोहिणीत फुगा ठेवण्याची सोय नाही. तुम्ही विचारता, यात ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे, कारण दोघं शस्त्रक्रियेच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलत आहेत. या शस्त्रक्रियेचे दोन भाग पडतात. पहिल्यात बाळ बाहेर येतं आणि तिथे फारसा रक्तस्राव होऊ नये अशीच सगळी आखणी असते. दुसऱ्यात वार आत तशीच ठेवून पिशवी काढतात, आणि रक्त जायचं ते मुख्यतः इथे जातं. पहिल्या भागात पाठीतली भूल आईला आणि बाळाला सोयीची, तर दुसऱ्यात पूर्ण भूल पुष्कळदा सुरक्षित. त्यामुळे खरा प्रश्न ‘पूर्ण की पाठीतून’ एवढाच नाही. बाई झोपणार कोणत्या क्षणी आणि तो क्षण ठरवणार कोण, हा आहे. सकाळी शांतपणे, रक्तदाब जागेवर असताना दिलेली पूर्ण भूल आजच्या काळात बरीच सुरक्षित आहे. वरचा रक्तदाब ६० वर आलाय, बाई तळमळतेय, घसा सुजलाय, उघड्या पोटाभोवती चार जण उभे आहेत, अशा वेळी द्यावी लागणारी पूर्ण भूल धोक्याची. ती वेळ रक्तस्रावाने ठरवू नये, आपण ठरवावी. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी जोखमीचा अंदाज घेऊ. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वार तोंडावर असलेल्या बायकांमध्ये ती रुतलेली निघण्याचं प्रमाण पहिल्या सिझेरियनला ३ टक्के, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४० आणि चौथ्याला ६१ टक्के होतं. तुमच्या बाईचं हे तिसरं. म्हणजे एमआरआय झालाच नसता तरी तिला रुतलेल्या वारेची रुग्ण समजूनच तयारी करावी लागली असती. पूर्ण दिवस भरताना गर्भाशयातून मिनिटाला साधारण ७०० मिलि रक्त वाहतं. वारेखालच्या रुंद रक्तवाहिन्या उघड्या पडल्या तर पाच-सात मिनिटांत किती जाऊ शकतं, याचा हिशेब यावरून करा. आपल्या सगळ्या सुया, नळ्या आणि पिशव्या त्या वेगाला पुरल्या पाहिजेत.

निर्णय परिस्थितीवर अवलंबून आहे हे खरंच, पण ‘अवलंबून आहे’ म्हणून सोडून देणं उपयोगाचं नाही. मी स्वतः पाच गोष्टी बघतो. वार किती खोल आणि कुठे गेली आहे, ही पहिली. वरवर चिकटलेली अ‍ॅक्रिटा, स्नायूत शिरलेली इन्क्रिटा आणि भिंत भेदून मूत्राशयाकडे किंवा बाजूच्या रक्तवाहिन्यांकडे गेलेली पर्क्रिटा, या तीन अगदी वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. दुसरी, बेत काय आहे: पिशवी काढायची, तेवढाच भाग कापून पिशवी राखायची, की वार आत ठेवून पोट बंद करायचं. तिसरी, पोट कसं उघडणार. नाभीच्या वरपर्यंत उभा छेद असेल तर पाठीतली भूल छातीपर्यंत चढवावी लागते. चौथी, बाईचा घसा, मान, जबडा आणि वजन. पाचवी, त्या दिवशी खोलीत माणसं कोण आहेत. दोन अनुभवी भूलतज्ज्ञ हजर असतील तर जे करता येतं, ते एकट्याने करू नये.

नियोजित वेळेबद्दल अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस ३४ ते ३५ आठवडे ६ दिवस अशी आहे, ब्रिटिश संघटनेची ३५ ते ३६ आठवडे ६ दिवस. म्हणजे तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. त्यात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर शिरेतून लोह, रक्तगटासोबत अँटिबॉडी तपासणी, आणि घशाची स्वतः केलेली तपासणी एवढं उरकून घ्या. अँटिबॉडी निघाली तर जुळणारं रक्त मिळायला वेळ लागतो, आणि ते शस्त्रक्रियेच्या सकाळी कळून उपयोग नसतो.

आता पाठीतल्या भुलीबद्दल. इथे नुसतं एकदाच दिलेलं स्पायनल (मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सुईने दिलेली भूल) कामाचं नाही. त्याचा भरवशाचा काळ साधारण दीड-दोन तास. वार रुतलेली असताना पिशवी काढायला, मूत्राशय सोडवायला, मूत्रवाहिन्यांत नळ्या घालायला याहून जास्त वेळ सहज लागतो. शेवटच्या तासाला भूल उतरायला लागते आणि नेमका तेव्हाच रक्तस्राव चालू असतो. म्हणून पाठीतून द्यायची तर स्पायनल आणि एपिड्युरल एकत्र, किंवा एपिड्युरल नळी (त्या पाण्याच्या आवरणाबाहेर ठेवलेली, जिच्यातून औषध पुन्हा पुन्हा देता येतं). एकत्र पद्धतीत मी ०.५ टक्के जड ब्युपिव्हाकेन (बधिरतेचं औषध) १० मिग्रॅच्या आसपास, सोबत फेन्टानिल १५ मायक्रोग्रॅम आणि मॉर्फिन १०० मायक्रोग्रॅम देतो. पातळी कमी पडली तर नळीतून थोडं थोडं वाढवतो. रक्तदाब टिकवणाऱ्या फिनाइलएफ्रिनचा पंप स्पायनलसोबतच सुरू करतो, रक्तदाब पडल्यावर नाही.

पाठीतली भूल रक्तवाहिन्या सैल करते, मग रक्त गेल्यावर शरीर सावरणार कसं, हा आक्षेप नेहमी येतो. आक्षेप रास्त आहे, पण निर्णायक नाही. निरीक्षणात्मक अभ्यासांत पाठीतून भूल दिलेल्या बायकांचा रक्तस्राव उलट कमीच दिसतो. अर्थात सोप्या केसेस पाठीतून केल्या जातात आणि अवघड केसेसना पूर्ण भूल मिळते, त्यामुळे या आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पाठीतल्या भुलीचे खरे फायदे दुसरीकडे आहेत. घशाला हात लावावा लागत नाही, बाळापर्यंत औषध जवळजवळ पोहोचत नाही, गर्भाशय सैल होत नाही, आणि आई जागी असते. ही बाई कदाचित पिशवी गमावणार आहे आणि हे तिचं शेवटचं बाळंतपण आहे. बाळाचं पहिलं रडणं ऐकायची तिची इच्छा मी किरकोळ मानत नाही.

तुमच्या बाईसाठी माझी पसंती म्हणून अशी: वार इन्क्रिटा वाटते, घसा सोपा आहे आणि आता रक्तस्राव नाही, असं असेल तर स्पायनल-एपिड्युरल एकत्र द्या, त्यावर बाळ काढा, आईला बाळ दाखवा आणि मग ठरवून पूर्ण भूल द्या. ‘गरज पडली तर बघू’ असं नको. आदल्या दिवशीच तिला सांगा: बाळ बघितल्यावर आम्ही तुम्हाला झोपवणार आहोत, जाग आली की घशात खवखव असेल, कदाचित अतिदक्षता विभागात असाल. असं सांगितल्यावर बहुतेक बायका निवांत होतात. आणि टेबलावर ‘झोपवायचं का, थोडं थांबायचं का’ हा खल कोणाला करावा लागत नाही.

सुरुवातीपासून पूर्ण भूल कधी? आधीच रक्तस्राव चालू असेल, प्लेटलेट किंवा गोठण्याची क्षमता बिघडली असेल, पर्क्रिटा मूत्राशयात किंवा पार बाजूपर्यंत गेलेली असेल, बाईला सपाट झोपवत नसेल, किंवा तिने पाठीतल्या सुईला नकार दिला असेल. घसा अवघड असल्याचं आधीच माहीत असेल तर माझा कल नेहमीच्या समजुतीच्या उलट, म्हणजे पूर्ण भुलीकडे जातो. लोक म्हणतात, घसा अवघड आहे म्हणून पूर्ण भूल टाळा. साध्या सिझेरियनला हे बरोबर. पण जिथे मध्येच पूर्ण भूल लागण्याची शक्यता मोठी आहे, तिथे अवघड घशाची बाई आधीच, जागी असताना, लवचिक दुर्बिणीने श्वासनलिकेत नळी घालून सुरक्षित करावी. अवघड घसा आणि वाहतं रक्त या दोन्हींशी एकाच वेळी झुंजायची पाळी येऊ देऊ नका.

सुरुवातीपासून पूर्ण भूल देताना एक वेळेचा सापळा असतो आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. साध्या सिझेरियनमध्ये झोपवल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत काही मिनिटं जातात. इथे आधी मूत्राशयाची दुर्बीण, मूत्रवाहिन्यांत नळ्या, मग उभा छेद, जुन्या सिझेरियनचे चिकटलेले थर सोडवणं, वार कुठे संपते ते बघून गर्भाशयावर तिच्यापासून दूर, बहुधा वरच्या टोकाला छेद, असा क्रम असतो. अर्धा तास सहज जातो, आणि तेवढा वेळ भुलीचा वायू वारेतून बाळाकडे जात राहतो. बाळ सुस्त येतं. हा परिणाम तात्पुरता असतो, श्वासाला मदत दिली की ओसरतो, पण ३५ आठवड्यांच्या बाळाला ती मदत लगेच आणि सरावलेल्या हातांनी मिळाली पाहिजे. म्हणून नवजात तज्ज्ञ झोपवण्याच्या आधी खोलीत असावेत, बाळ निघताना फोन करून नव्हे. शक्य असेल तिथे दुर्बीण आणि नळ्यांचं काम पाठीतल्या भुलीवर करून घ्यावं. गर्भाशयावर चाकू लागल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा वेळ ३ मिनिटांच्या वर गेला की बाळाच्या रक्तातलं आम्ल वाढतं. ते शल्यविशारदाच्या हातात असतं, तरी घड्याळ बघून मिनिटं मोठ्याने सांगणं आपलं काम.

तयारी झोपवण्याच्या आधी पूर्ण हवी. दोन्ही हातांत १४ किंवा १६ क्रमांकाची जाड सुई. मनगटाच्या रोहिणीत नळी, जागं असतानाच, त्वचा बधिर करून. रक्त वाहायला लागल्यावर आक्रसलेली रोहिणी शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मानेतली तीन तोंडांची लांब नळी रक्त भरायला मंद असते. ती रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधांसाठी ठीक, भरण्यासाठी आखूड जाड नळी हवी. द्रव गरम करणारं यंत्र, वेगाने भरणारं यंत्र, गरम हवेची चादर आधीपासून चालू. दोन्ही हात पसरून, चादरींच्या बाहेर, कारण झाकलेल्या हातातली निघालेली सुई दिसत नाही. जुळवलेल्या लाल पेशींच्या किमान ४ ते ६ पिशव्या खोलीत किंवा दाराशी, आणि मोठ्या रक्तस्रावाचा साठा एका फोनवर सुटेल अशी रक्तपेढीशी आधी झालेली बोलणी. अँटिबायोटिक छेदाआधी द्या. सेफाझोलिन असेल तर २ ग्रॅम, आणि दीड लिटरच्या वर रक्त गेलं किंवा चार तास उलटले की पुन्हा.

आता प्रत्यक्ष झोपवणं. पोट रिकामं असलं तरी गरोदर बाईचं पोट भरलेलंच समजायचं. पोटातलं आम्ल मारायला ०.३ मोलर सोडियम सायट्रेट ३० मिलि तोंडातून, त्याआधी फॅमोटिडिन आणि मेटोक्लोप्रमाइड. टेबल डावीकडे १५ अंश कललेलं, डोकं-छाती २० ते ३० अंश वर, कान छातीच्या हाडाच्या रेषेत. ऑक्सिजन घट्ट मास्कने ३ मिनिटं. खरी खूण मात्र घड्याळात नसते: बाहेर येणाऱ्या श्वासातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर गेला पाहिजे. नाकात वेगळी नळी ठेवून नळी घालतानाही ऑक्सिजन चालू ठेवावा. फुप्फुसातला राखीव साठा या काळात सुमारे पंचमांशाने कमी झालेला आणि ऑक्सिजनचा खप वाढलेला असतो, त्यामुळे श्वास थांबल्यावर पातळी फार लवकर घसरते.

रक्तदाब ठीक असेल तर प्रोपोफॉल २ ते २.५ मिग्रॅ प्रति किलो. रक्त जात असेल तर केटामिन १ मिग्रॅ प्रति किलो, आणि बाई फारच रिती झालेली असेल तर त्याहूनही कमी. स्नायू सैल करायला रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ प्रति किलो. शस्त्रक्रिया लांबच असल्यामुळे ते जास्त वेळ टिकणं इथे अडचणीचं नाही, मात्र त्याचा परिणाम उलटवणारं सुगामाडेक्स, १६ मिग्रॅ प्रति किलो, हाताशी ठेवावं. ते नसेल तर सक्सामेथोनियम १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो. श्वासनलिकेतली नळी ६.५ किंवा ७ क्रमांकाची, पहिला प्रयत्नच व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने (घसा पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाने). प्रसूतीच्या बायकांत नळी न जाण्याचं प्रमाण साधारण ३९० मध्ये १, म्हणजे इतर रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दोन प्रयत्नांनंतर काय करायचं ते आधी मोठ्याने बोलून ठेवा: दुसऱ्या पिढीचा लॅरिंजियल मास्क (स्वरयंत्रावर बसवायचा मास्क) कोणाच्या हातात, आणि मानेतून वाट करायची वेळ आली तर चाकू कुठे. नळी जागेवर आहे याचा पुरावा एकच, कार्बन डायऑक्साइडचा आलेख.

नंतरचा श्वास सावकाश चालवा. गरोदरपणात बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड ३० ते ३२ मिमी पारा एवढाच असतो. तो आणखी खाली नेला की गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि ४० वर राहू दिला तर आईच्या नेहमीच्या पातळीपेक्षा तो जास्त होतो.

झोपेच्या खोलीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे चुका शांतपणे होतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत पूर्ण भुलीतल्या सिझेरियनमध्ये मध्येच जाग आल्याची नोंद ६७० मध्ये १ होती, एकूण शस्त्रक्रियांच्या मानाने फार जास्त. कारण सरळ आहे. झोपवणाऱ्या औषधाचा एक डोस काही मिनिटांत मेंदूतून उतरतो, वायू अजून पुरेसा चढलेला नसतो आणि स्नायू मात्र सैल असल्याने बाई हलू शकत नाही. म्हणून नळी बसताच वायूचा प्रवाह जास्त ठेवून सेवोफ्लुरेन काही मिनिटं चढं द्या, श्वासातली पातळी ०.७ मॅकच्या (मॅक म्हणजे भुलीच्या वायूच्या जोराचं माप) वर गेल्याचं आकड्यात बघा आणि मग कमी करा. दुसरा धोक्याचा काळ रक्तस्रावाचा. रक्तदाब टिकवायला लोक वायू बंद करतात. तो हात थांबवा. त्याऐवजी रक्त भरा, नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू करा, केटामिनची थोडी मात्रा द्या आणि मेंदूच्या लहरींचा मॉनिटर असेल तर तो ४० ते ६० च्या दरम्यान ठेवा.

वायूमुळे गर्भाशय सैल पडतं, या भीतीचंही नीट माप घ्यावं. हा परिणाम मात्रेवर अवलंबून आहे. १ मॅकच्या वर गेलं की ऑक्सिटोसिनला (गर्भाशय आवळणारं औषध) गर्भाशय नीट दाद देत नाही. ०.५ ते ०.७ मॅक, त्यासोबत नायट्रस ऑक्साइड आणि नाळ कापल्यानंतर फेन्टानिल, यात सहसा अडचण येत नाही. आणि पिशवी काढायचीच असेल तर तिच्या सैलपणाची चिंता तशीही मागे पडते. पिशवी राखायचा बेत असेल तिथे मात्र मी वायू सोडून प्रोपोफॉलच्या पंपावर जातो. त्यात एक पथ्य: रक्त खूप गेलं की तोच पंपाचा वेग रक्तात जास्त पातळी देतो, तेव्हा तो कमी करत राहावा लागतो.

ऑक्सिटोसिनबद्दल वेगळं सांगायलाच हवं. बाळ निघालं की आपला हात सवयीने त्या सिरिंजकडे जातो. इथे थांबा. पिशवी काढायची ठरलेली असताना गर्भाशय आवळलं तर वारेचा न रुतलेला भाग सुटतो, रुतलेला भाग तसाच राहतो आणि मधल्या उघड्या रक्तवाहिन्या वाहू लागतात. नाळ बांधून आत ठेवायची, वार ओढायची नाही, गर्भाशयाचा छेद भराभर शिवायचा आणि ऑक्सिटोसिन शल्यविशारदाने मागितल्याशिवाय द्यायचं नाही. भरलेली सिरिंज मी ट्रेवर ठेवतच नाही. सकाळच्या बैठकीत हे मोठ्याने बोललं गेलं पाहिजे, कारण मदतीला आलेला दुसरा भूलतज्ज्ञ किंवा परिचारिका चांगल्या हेतूनेच ते देऊन टाकते. पिशवी राखायची असेल आणि वार सुटून आली असेल तर गणित उलटं, मग १ ते ३ युनिट सावकाश आणि पुढे पंपावर. गर्भाशय आवळणाऱ्या दुसऱ्या औषधांपैकी कार्बोप्रॉस्ट दम्याच्या बाईला नको, मेथर्जिन रक्तदाबवालीला नको.

पाठीतल्या भुलीवरून पूर्ण भुलीवर जाणं ठरवून असेल तर ते बाळ दाखवल्यावर, गर्भाशय शिवल्यावर, पिशवी काढायला हात घालण्याआधी. शल्यविशारदाला दोन मिनिटं पोटावर ओली गरम गॉज ठेवून थांबायला सांगा, टेबल खाली घ्या, चादरी डोक्याकडून सरकवा. मात्रा कमी घ्या, कारण पाठीतल्या भुलीने रक्तवाहिन्या आधीच सैल आहेत. बेत पाठीतल्या भुलीवरच शस्त्रक्रिया पुरी करण्याचा असेल तर वाट कुठपर्यंत बघायची, तेही ठरवून ठेवा. माझ्या खुणा या: दीड लिटरच्या आसपास रक्त गेलं आणि थांबायची चिन्हं नाहीत, रक्तदाबाच्या औषधाचा वेग चढताच आहे, बाई मळमळते, जांभया देते, अस्वस्थ होते किंवा असंबद्ध बोलते, पोटाच्या वरच्या भागात ओढ जाणवते. जांभई आणि तळमळ ही मेंदूला रक्त कमी पडल्याची खूण आहे. त्यावर झोपेचं इंजेक्शन देऊन वेळ काढू नका. रक्त आणि द्रव भरत गेलं की घशाचीही सूज वाढते, सकाळी सोपा दिसलेला घसा तसा राहत नाही. आणि रक्त वाहत असताना एपिड्युरल नळीत बधिरतेचं औषध भरू नका.

रक्तस्राव मोजण्याबद्दल: डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी निघतो. गॉज तोलायचे, १ ग्रॅम म्हणजे १ मिलि. चादरीखाली, टेबलाखाली आणि योनीमार्गात साठलेलं रक्त बघायला एक माणूस नेमायचा, आणि प्रत्येक ५०० मिलिला आकडा मोठ्याने सांगायचा. निरोगी गरोदर बाई दीड लिटर जाईपर्यंत रक्तदाब धरून ठेवू शकते, मग एकदम कोसळते. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाच्या आकड्याने भागून उत्तर ०.९ च्या वर आलं की माझ्या दृष्टीने ती धक्क्यात (शॉकमध्ये) जाऊ लागली आहे.

रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल १ ग्रॅम १० मिनिटांत शिरेतून. थांबलं नाही तर अर्ध्या तासाने आणखी १ ग्रॅम. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वूमन चाचणीत २०,००० हून अधिक बायका होत्या, आणि प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात असं दिसलं. त्याची कुपी स्पायनलच्या ट्रेजवळ कधीही ठेवू नका. चुकून पाठीत गेलं तर झटके येतात आणि जीव जातो.

लाल पेशी आणि प्लाझ्मा साधारण बरोबरीने द्यावेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते फायब्रिनोजेनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत. गरोदरपणाच्या शेवटी ते लिटरला ४ ते ६ ग्रॅम असतं. प्रयोगशाळेचा अहवाल २ म्हणतो आणि शेजारी ‘सामान्य’ असं छापलेलं असतं, कारण ती मर्यादा गरोदर नसलेल्यांची आहे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात २ च्या खाली जाणं हे गंभीर रक्तस्रावाचं ठळक लक्षण आहे. प्लाझ्मामध्ये स्वतःमध्येच फायब्रिनोजेन लिटरला २ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे नुसता प्लाझ्मा ओतून पातळी वर येत नाही. १० युनिट क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला घटक) किंवा ४ ग्रॅम फायब्रिनोजेन लवकर मागा. रोटेम (रुग्णाजवळच रक्त गोठण्याची चाचणी करणारं यंत्र) असेल तर त्यातल्या फिबटेम या फायब्रिनोजेनच्या चाचणीचा पाच मिनिटांचा आकडा १२ मिमीच्या खाली आला की वाट बघू नका.

मग कॅल्शियम. रक्ताच्या पिशव्यांतलं सायट्रेट ते बांधून टाकतं, हृदय मंदावतं, रक्त गोठत नाही. आयनिक (मोकळं) कॅल्शियम लिटरला १.१ मिलिमोलच्या वर ठेवा. दर चार पिशव्यांनंतर १० टक्के कॅल्शियम क्लोराइड १० मिलि मोठ्या शिरेतून. ग्लुकोनेट असेल तर तिप्पट लागतं, हे विसरून तीच मात्रा देणं ही नेहमीची चूक आहे. जुन्या लाल पेशी वेगाने दिल्या की पोटॅशियम चढतं, तेव्हा दर अर्ध्या तासाला रक्तवायूंची तपासणी आणि ईसीजीतल्या टी लहरीवर डोळा. तापमान ३६ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि भरणं मागे पडत असेल तर न लाजता शल्यविशारदाला सांगा: महारोहिणी मुठीने दाबून धरा. कण्याच्या हाडावर ती दाबून धरल्यावर मिळणारी काही मिनिटं दोन पिशव्या आत घालायला पुरतात. सोडताना हळूहळू सोडायला सांगा, एकदम सोडलं की रक्तदाब पुन्हा कोसळतो. स्वतःचंच रक्त धुऊन परत देण्याचं यंत्र असेल तर वापरा, पांढऱ्या पेशींच्या गाळणीसह. आई आरएच निगेटिव्ह असेल तर त्या रक्तात बाळाच्या पेशी राहतात, म्हणून नंतर बाळाच्या पेशींची मोजणी करून अँटी-डीची (आईच्या शरीरात आरएचविरोधी अँटिबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन) मात्रा ठरवा.

वाचणाऱ्यांपैकी कोणासाठी तरी आणखी एक प्रसंग. निदान आधी झालेलंच नाही, साधं सिझेरियन म्हणून स्पायनल दिलं, पोट उघडलं, आणि गर्भाशयाच्या खालच्या भागात जांभळट फुगवटा आणि जाडजूड शिरा दिसल्या. रक्तस्राव नसेल आणि बाळ ठीक असेल तर गर्भाशयाला चाकू लावू नका. गरम गॉजने झाका, थांबा, माणसं आणि रक्त मागवा. सोय नसेल तर पोट बंद करून सोय असलेल्या ठिकाणी हलवणं हाही योग्य निर्णय आहे. हा थांबा म्हणजेच आपल्याला मिळालेली, शांतपणे पूर्ण भूल देण्याची आणि रोहिणीत नळी घालण्याची वेळ.

शस्त्रक्रिया संपल्यावर श्वासाची नळी काढायची घाई नको. चेहरा, जीभ सुजलेली आहे का, फुग्यातली हवा काढल्यावर बाजूने श्वास ऐकू येतो का, तापमान, आम्ल, लॅक्टेट, मज्जातंतूला चार झटके देऊन मोजलेली स्नायूंची ताकद (टीओएफ गुणोत्तर) ०.९ च्या वर आली आहे का, हे सगळं जुळलं तरच काढा. नाहीतर रात्र अतिदक्षता विभागात यंत्रावर काढणं बरं. वेदनेसाठी एपिड्युरल नळी असेल तर २ ते ३ मिग्रॅ मॉर्फिन, नसेल तर पोटाच्या भिंतीतला ब्लॉक आणि रुग्णाच्या हातात मॉर्फिनचा पंप. रक्तस्राव आणि मूत्रपिंड यांची खात्री होईपर्यंत डायक्लोफेनॅकसारखी औषधं बाजूला ठेवा. एपिड्युरल नळी प्लेटलेट ८०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.४ च्या खाली आल्याशिवाय काढू नका. अशा शस्त्रक्रियेनंतर ती दुसऱ्या दिवसापर्यंत राहणं नेहमीचं आहे, आणि ती असेपर्यंत पायांची ताकद दर काही तासांनी तपासा. गुठळ्या टाळायला कमी रेणुभाराचं हेपॅरिन, प्रतिबंधक मात्रेत, रक्तस्राव थांबून १२ ते २४ तास झाल्यावर. एपिड्युरल नळी अजून आत असेल तर शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढा, आणि काढल्यानंतर पुढचा डोस ४ तासांनी. पुढच्या काही दिवसांत दूध उतरत नसेल, बाई विलक्षण थकलेली असेल आणि रक्तदाब कमीच राहत असेल तर मोठ्या रक्तस्रावाने पिट्युटरी ग्रंथीला इजा झाली का, याची तपासणी करून घ्या. सोडताना दिलेल्या कागदावर हे लिहिलेलं असावं, म्हणजे पुढे तिला कुठेही दाखवलं तरी तिथल्या डॉक्टरांना दुवा लागेल.